सगुणाक्काची शिक्षा

एका जंगलात, मुलांनो, एका टेकडीला टक्कल पडलं होतं.

टक्कल काही एका दिवसात पडत नाही. आधी मोठी झाडं गेली. कुणी नेली ते विचारू नका. असे प्रश्न विचारले की गोष्ट लांबते आणि सांगणाऱ्याची पंचाईत होते. मग दर उन्हाळ्यात वणवा लागू लागला. वणव्यानंतर जे कोवळं फुटायचं ते सांबरं खायची. असं होता होता टेकडीवर उरलं नुसतं उंच गवत आणि मधूनमधून करवंदीच्या काटेरी जाळ्या. टेकडीच्या पायथ्याचा ओढा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा. तो आता दिवाळीतच थकायला लागला.

जंगलात कुणाला याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायलाही सवड लागते. पण एकदा शेजारच्या रानाचे सिंहमहाराज पाहुणे म्हणून आले. जेवण झालं, विडे झाले, आणि ते आपल्या वाघमहाराजांना सहज म्हणाले, की तुमच्या त्या टेकडीला काही आजार वगैरे आहे का, आमच्याकडे एक चांगले वैद्य आहेत.

वाघमहाराजांना ते फार लागलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी एक डरकाळी फोडली आणि प्रधानांना बोलावून घेतलं.

प्रधान होते पिसाजीपंत मोर. हे पंत स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त कोणत्याही कामाच्या आधी पिसारा फुलवायची सवय होती, आणि पिसारा फुलवून झाला की काम झालं असं त्यांना मनापासून वाटायचं.

महाराज म्हणाले, टेकडीवर झाडं पाहिजेत. तीही आपल्या मातीतली. ऐन, हिरडा, बेहडा, किंजळ, जांभूळ. बाहेरून आणलेलं एकही झाड नको. पंतांचा ऊर अभिमानाने भरून आला. हिरडा कुठला आणि बेहडा कुठला हे त्यांना ओळखता येत नव्हतं, पण अभिमानाचं त्यावाचून काही अडत नाही.

मग वृक्षारोपणाचा मोठा उत्सव झाला. रानडुकरांनी नाकाने खड्डे खणले. खड्डे अगदी सरळ ओळीत होते, कारण पंतांना ओळी आवडायच्या. टेकडीच्या समोरच्या उतारावरच्या करवंदीच्या जाळ्या समूळ काढून टाकल्या आणि पलीकडच्या उतारावर नेऊन फेकल्या. त्या ओळींच्या आड येत होत्या. पलीकडच्या उतारावरही खड्डे झाले, रोपंही लागली, पण तिथल्या जाळ्या काढायच्या राहून गेल्या. तिकडून मिरवणूक जाणार नव्हती.

कोकिळेने स्वागतगीत म्हटलं. महाराजांनी पहिलं रोप लावलं. ते उलटं लागलं होतं, पण एवढ्या गर्दीत कोण बोलणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लाडू खाल्ले आणि सगळे घरी गेले.

रोपं तिथेच राहिली. त्यांना घर नव्हतं.

आता प्रश्न आला राखणीचा. उत्सवाला अख्खं जंगल आलं होतं, राखणीला कुणीच येईना. तेव्हा पंतांना एक युक्ती सुचली. आदल्या वर्षी दरबारापुढे लावलेली शोभेची रोपं मुळासकट कुणी खाल्ली होती? सगुणाक्का साळिंदरिणीने. तिचा नवरा धोंडबा तिच्याबरोबर होता. दोघं तोंडाला माती लागलेली असतानाच सापडली होती. मग हिलाच राखणदार केलं तर? खाणारीच पहाऱ्यावर बसली म्हणजे खायला कुणी उरतच नाही, असा पंतांचा हिशेब होता.

सगुणाक्काला दरबारात बोलावलं. तिला सांगण्यात आलं, की आजपासून तू रोपसंरक्षण अधीक्षक. पुढच्या पावसाळ्यात सिंहमहाराज पुन्हा यायचे आहेत. तोवर निम्मी रोपं जगली पाहिजेत. जगली तर मागचा गुन्हा माफ. नाही जगली तर तुझं बीळ जप्त.

हे ऐकल्यावर सगुणाक्काच्या पाठीवरचे काटे आपोआप उभे राहिले. ते बीळ तिच्या आजीने खणलेलं होतं. एका मोठ्या खडकाखाली, आत तीन दालनं, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. तिचा जन्म तिथलाच, लग्नानंतर धोंडबाच तिच्याकडे राहायला आला होता. बीळ गेलं तर ती दोघं जाणार कुठे?

ती दरबाराला नमस्कार करून निघाली आणि नवऱ्याला घेऊन टेकडीवर आली.

साळिंदरं एरवी दिवसा झोपतात आणि अंधार पडला की हिंडतात. पण आता नोकरी होती. नोकरीत दिवसा जागं राहावंच लागतं, निदान डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिल्याच सकाळी सगुणाक्का जांभया देत रोपांच्या ओळींतून फिरली. कोवळी, रसरशीत रोपं. मुळांना ओल्या मातीचा वास. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तेवढ्यात मागून कुर्र कुर्र असा आवाज आला. वळून बघते तर धोंडबा एका किंजळाच्या बुंध्याशी बसून डोळे मिटून काहीतरी चावत होता.

"अहो, काय करताय?"

"चव बघतोय," धोंडबा म्हणाला. "राखायचं म्हणजे काय राखतोय ते कळायला नको?"

सगुणाक्काने त्याला तिथून उठवलं. तिने त्या दिवशी शपथ घेतली, आणि धोंडबालाही घ्यायला लावली, की रोपाला तोंड लावायचं नाही. गवताखाली रानकंद आहेत, ते खायचे. धोंडबाने शपथ घेतली, पण घेताना तो किंजळाकडे बघत होता.

पावसाळा बरा गेला. रोपांना पालवी फुटली. पंत एकदा येऊन, पिसारा फुलवून गेले. पण गवतालाही पाऊस तेवढाच मिळाला होता. दसऱ्यापर्यंत गवत सगुणाक्काच्या डोक्यावर गेलं आणि रोपं त्यात बुडाली. शोधायला गेलं तर एखादं पिवळं पान दिसायचं, तेही मान टाकलेलं. त्यात सांबरांचा कळप यायचा. दौलतराव नावाचं मोठं शिंगाळं सांबर त्यांचा म्होरक्या. ते गवत खायचे, आणि गवताबरोबर रोपही जायचं. सगुणाक्का काटे खुळखुळवत त्यांच्या अंगावर धावून जायची. दौलतराव दोन पावलं मागे सरायचे आणि शांतपणे म्हणायचे, की अक्का, आम्हाला काय माहीत कुठलं गवत आणि कुठलं सरकारी?

एका दुपारी ऊन फार होतं. सगुणाक्का दमली होती, आणि खरं सांगायचं तर घाबरलीही होती. समोरच्या उतारावरची निम्मी रोपं आत्ताच गेली होती, आणि अजून सगळा उन्हाळा पुढे होता. सावली शोधत ती टेकडीच्या पलीकडच्या उतारावर गेली आणि एका करवंदीच्या जाळीत शिरली. साळिंदराला जाळीतले काटे लागत नाहीत, तेवढे त्याचे स्वतःचेच असतात.

आत गारवा होता. पायाखाली कुजलेला पाला होता, त्याखालची माती अजून ओली होती. आणि त्या पाल्यातून एक हिरड्याचं रोप वर आलं होतं. शेजारी एक जांभळाचं. ती ओळीतली नव्हती. कुणी लावलेलीच नव्हती. कुठल्यातरी पाखराने जाळीवर बसून बी टाकलं असेल आणि ते विसरून गेलं असेल. पण रोपं कशी, पानं चकचकीत, खोड ताठ. गवत आत येऊ शकत नव्हतं, सांबराचं तोंड आत पोचत नव्हतं, आणि ऊन आत येताना चाळणीतून गाळल्यासारखं येत होतं.

ती बाहेर आली आणि त्या उतारावरची लावलेली रोपं बघत हिंडली. जी मोकळ्यावर होती, ती मेलेली. ज्यांचा खड्डा चुकून जाळीच्या कडेला आला होता, ती जिवंत.

सगुणाक्का तडक पंतांकडे गेली. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, की समोरच्या उताराच्या रोपांभोवती करवंदीच्या फांद्या रोवल्या तर चालतील का. पंतांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, की बाई, आम्ही त्या जाळ्या काढायला एवढे श्रम घेतले, त्या परत लावायच्या? महाराज येणार, पाहुणे येणार. त्यांना रोपं दिसली पाहिजेत, काटे नव्हेत.

"पण रोपं मेली तर काय दिसणार, पंत?"

"ओळ दिसेल," पंत म्हणाले.

परत येताना सगुणाक्काला रडू येत होतं. पण साळिंदराचं रडून भागत नाही. तिने धोंडबाला सांगितलं, समोरची बाजू पंतांची, पाठीमागची आपली. तिथे कोण बघतंय?

त्या दिवसापासून दोघं कामाला लागली. समोरून काढून फेकलेल्या करवंदीच्या वाळक्या फांद्या ढिगाने पडल्या होत्या. त्या ओढत आणायच्या आणि मोकळ्यावरच्या एकेका रोपाभोवती रोवायच्या. बुंध्याजवळचं गवत उपटायचं आणि तिथेच अंथरायचं, म्हणजे ओल टिकते. माती थोडी उकरून सैल करायची. उकरण्यात तर ती जन्मापासून तरबेज. फरक एवढाच की पूर्वी उकरून झालं की ती रोप खायची, आता रोपाच्या बुंध्याशी पाला सारायची. उभ्या जाळ्यांना तिने हात लावला नाही. उलट मेलेल्या रोपांच्या जागी जाळ्यांच्या कडेकडेने हिरड्या-बेहड्याच्या बिया पुरल्या.

धोंडबा कुरकुरायचा. आपण चोर होतो तेव्हा बरे होतो, असं म्हणायचा. पण फांद्या ओढायचा.

सांबरांचंही तिने मिटवलं. ती दौलतरावांना जाऊन भेटली आणि म्हणाली, टेकडीच्या माथ्यावर एकही रोप नाही, तिथलं सगळं गवत तुमचं, मी काटा हलवणार नाही. पाठीमागच्या उतारावर मात्र यायचं नाही. दौलतरावांनी थोडा विचार केला. मागे काटे फार झालेत असं कळपातल्या बायका म्हणतच होत्या. ते कबूल झाले. थंडी संपेपर्यंत माथ्यावरचं गवत पार जमिनीपर्यंत कुरतडलं गेलं.

मग उन्हाळा आला. जमीन भेगाळली. रानकंद संपले. सगुणाक्का आणि धोंडबा पोटाला चिमटा घेऊन बसली होती. समोर जिवंत, रसरशीत रोपं होती आणि दोघंही एकमेकांची नजर चुकवत होती. एका सकाळी धोंडबा दिसेना. सगुणाक्काने बघितलं, सगळी रोपं जागच्या जागी होती. म्हणजे तो निघून गेला होता. तिला वाटलं, कंटाळला, गेला. जाऊ दे. ती एकटीच पाला सारत बसली, पण त्या दिवशी तिचं कामात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी धोंडबा आला. तो लांबच्या गावाकडे गेला होता. त्याच्या तोंडात एक मोठं रताळं होतं आणि शेपटीजवळचे दोन काटे तुटलेले होते. त्याने रताळं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, की त्याने अर्धं वाटेत खाल्लं असतं, पण तोंडात धरलेलं असल्याने खाता आलं नाही.

चैत्र संपता संपता एका दुपारी पायथ्याकडून धूर आला.

वाऱ्याने वणवा समोरच्या उतारावर चढवला. तिथलं गवत कुणी कापलेलं नव्हतं, ते वाळून कडकडीत झालं होतं. आग उभ्या गवतातून धावत वर आली. ओळी पेटल्या. सगुणाक्का आणि धोंडबा माथ्यावर पोचली तेव्हा डोळ्यांत धूर जात होता. आग माथ्यावर आली आणि अडखळली, कारण तिथे तिला खायला काही नव्हतं. सांबरांनी सगळं आधीच खाल्लं होतं. तरी ठिणग्या उडत होत्या. दोघं ठिणगीमागे धावत माती उकरून टाकत होती. एका ठिकाणी आग जाळीच्या कडेला पोचलीच होती, तेवढ्यात मागून खुरांचा आवाज आला. दौलतराव आणि त्यांचा कळप होता. ते खरं तर आगीला भिऊन पळत होते. पण पळता पळता त्यांनी तेवढा पट्टा पायाखाली असा तुडवला, की आग विझली. नंतर दौलतराव सांगायचे, की आम्ही मुद्दामच आलो होतो. सगुणाक्काने त्यांना कधी खोटं पाडलं नाही.

समोरचा उतार काळाठिक्कर झाला. पाठीमागचा वाचला.

दुसऱ्या दिवशी पंत पाहणीला आले. राखेने माखलेले पाय झटकत ते म्हणाले, चला, खत तर झालं.

पण पावसाळा तोंडावर आल्यावर त्यांची झोप उडाली. सिंहमहाराज यायचे दिवस जवळ आले होते. तेव्हा त्यांना कळलं की पलीकडच्या उतारावर रोपं जिवंत आहेत, चांगली गुडघाभर वाढली आहेत. पंतांचा चेहरा उजळला. त्यांनी वानरांची एक टोळी पाठवली आणि हुकूम दिला, की मागची सगळी रोपं उपटून समोर ओळीने लावा.

सगुणाक्का वाटेत उभी राहिली.

वानरांचा नाईक म्हणाला, की बाजूला हो, हुकूम आहे. ती म्हणाली, हुकूम असेल, पण ही रोपं आत्ता उपटली तर एकही जगणार नाही. त्यांनी मुळं खाली सोडली आहेत. नाईक म्हणाला, त्यांना पाहणीपुरतंच जगायचं आहे.

 सगुणाक्काने नुसती पाठ फिरवली. साळिंदरीण पाठ फिरवते तेव्हा तो अपमान नसतो, इशारा असतो. काटे खुळखुळले. शेजारी धोंडबाही पाठ करून उभा राहिला, त्याचे दोन काटे कमी होते, पण बाकीचे होते. वानर हुशार, ते बाजूने गेले आणि रोपांना हात घातला. पण प्रत्येक रोपाभोवती करवंदीच्या फांद्या होत्या. थोड्याच वेळात सगळी टोळी एका दगडावर बसून एकमेकांच्या तळहातातले काटे काढत होती. काढून झाल्यावर ते निघून गेले. त्यांनी पंतांना सांगितलं, की मागे रोपं नाहीतच, नुसते काटे आहेत.

आता पंतांपुढे एकच वाट होती. त्यांनी नदीकाठच्या झाडांच्या हिरव्यागार फांद्या तोडून आणवल्या आणि समोरच्या उतारावर ओळीने जमिनीत रोवल्या. फांद्या उंच होत्या, दाट होत्या आणि अगदी सरळ होत्या. खऱ्या रोपांना असं कधी जमलं नसतं.

पाहणीचा दिवस आला. वाघमहाराजांनी सिंहमहाराजांना समोरचा उतार दाखवला. एका वर्षात एवढी वाढ बघून पाहुणे थक्क झाले. पंतांनी पिसारा फुलवला. कोकिळेने तेच गीत म्हटलं. पंतांच्या गळ्यात हार पडला आणि त्यांना वनभूषण म्हणून जाहीर करण्यात आलं. सगुणाक्का गर्दीच्या शेवटी उभी होती. तिला वाटलं, बरं झालं. समोर जगली असं समजले आहेत, मागे खरंच जगली आहेत. माझं बीळ वाचलं.

पण जेवणानंतर सिंहमहाराजांना जरा आडोशाला जायची गरज भासली. मोठ्या लोकांनाही ती भासते. ते टेकडीला वळसा घालून मागच्या उतारावर गेले. थोड्या वेळाने तिकडून जी गर्जना आली ती ऐकून लाडू वाढणारे ससे जागीच बसले.

सिंहमहाराज लंगडत आले. त्यांच्या पंजात करवंदीचा काटा होता. दुसरा काटा कुठे होता ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते नंतर बसले नाहीत.

वाघमहाराजांची मान खाली गेली. पाहुण्यांसमोर एवढी शोभा. पुढून टेकडी कशी हिरवीगार, आणि मागे हे काटेरी रान माजलेलं. कुणाचं काम हे? पंतांनी अतिशय दुःखाने सगुणाक्काकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, मी सांगितलं होतं महाराज, काटे नकोत म्हणून. ऐकलं नाही.

महाराजांनी तिथल्या तिथे निवाडा केला. सगुणाक्का आणि तिचा नवरा यांना हद्दपार करण्यात येत आहे. तुला काटे एवढे आवडतात ना, मग त्या काटेरी उतारावरच जाऊन राहा. तिथून बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि जंगलातल्या कुणीही त्या उतारावर पाय ठेवायचा नाही. जो ठेवेल त्याला हीच शिक्षा. बीळ जप्त.

ते बीळ पंतांच्या एका पाहुण्याला मिळालं.

सगुणाक्का खूप रडली. आजीच्या बिळाची आठवण तिला पुढे कितीतरी वर्षं यायची. नवीन बीळ धोंडबाने खणलं, पण त्याला दालनांचं जमलं नाही, ते एक लांबट भोकच झालं. पहिल्या पावसात त्यात पाणी शिरलं. दोघं जाळीखाली भिजत बसली होती.

मग हळूहळू एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सांबरं येत नव्हती. वानर येत नव्हते. ओळी आखायला कुणी येत नव्हतं. महाराजांच्या हुकुमाएवढं भक्कम कुंपण टेकडीला आजवर मिळालं नव्हतं. येत होती ती फक्त पाखरं, कारण त्यांना हद्द कळत नाही. बुलबुल करवंदं खायला यायचे आणि कुठून कुठून आणलेल्या बिया टाकून जायचे. सगुणाक्का गवत उपटायची, पाला सारायची. दर थंडीत दोघं माथ्यावर हद्दीच्या आतल्या बाजूने उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रुंद पट्टा उकरून मोकळा ठेवायची, म्हणजे वणवा इकडे यायला नको.

वर्षं गेली. ऐनाची झाडं काटेरी जाळ्यांच्या वर डोकं काढून उभी राहिली. मग हिरडे, मग बेहडे, किंजळ, जांभळं. त्यांची सावली पडू लागली तशा करवंदीच्या जाळ्या आपणहून विरळ झाल्या. त्यांचं काम झालं होतं. धोंडबा आता म्हातारा झाला होता. तो एका जांभळाखाली पडून असायचा आणि येणाऱ्या जाणाऱ्या पाखरांना सांगायचा, की हे झाड मी ओढून आणलेल्या फांदीत वाढलंय.

समोरच्या उतारावर दरसाल उत्सव व्हायचा. दरसाल त्याच खड्ड्यांत नवीन रोपं लागायची. खड्डे तयारच असल्याने कामाला गती आली होती, असं पंत सांगायचे.

एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. जंगलातले सगळे पाणवठे आटले. वाघमहाराजही आता उतारवयाचे. ते पाणी शोधत टेकडीच्या पायथ्याशी आले तर ओढ्याच्या पात्रातून एक बारीकशी धार वाहत होती. भर वैशाखात. महाराज ती धार धरून वर वर गेले आणि हद्दीच्या दगडापाशी येऊन थांबले. पुढे रान होतं. गार, दाट, पाखरांच्या आवाजांनी भरलेलं. मागून धापा टाकत पंत आले.

रानातून सगुणाक्का बाहेर आली. ती हद्दीच्या आत थांबली आणि तिने वाकून नमस्कार केला.

महाराज बराच वेळ झाडांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "इथे काय केलंस तू?"

"शिक्षा भोगली, महाराज."

महाराजांचे डोळे ओलावले. एवढं मन लावून शिक्षा भोगणारं त्यांनी आजवर कुणी बघितलं नव्हतं. पंतांनाही गहिवरून आलं. ते म्हणाले, की महाराज, हे रान आपल्याच निवाड्याचं फळ आहे. याला आपलं नाव दिलं पाहिजे. सगुणाबाईंची शिक्षा माफ करून त्यांचा सत्कार केला पाहिजे. हद्द उठवली पाहिजे, म्हणजे सगळ्या जंगलाला येऊन बघता येईल. मधून एक रुंद रस्ता काढू, बसायला जागा करू, खालची ही काटेरी झुडपं तेवढी साफ करू. आणि झाडं जरा वेडीवाकडी आहेत, ती ओळीत येतील एवढी ठेवू.

महाराजांनी मान हलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं.

 वणवा माथ्यावर आला होता तेव्हाही सगुणाक्का एवढी घाबरली नव्हती. तिने मागे वळून धोंडबाकडे पाहिलं. तो जांभळाखाली उठून बसला होता. माफी मिळाली तर आजीचं बीळ परत मिळणार होतं. तीन दालनं. उन्हाळ्यात गार.

ती पुढे आली आणि महाराजांच्या पायांपाशी बसली.

"महाराज, माझा गुन्हा फार मोठा होता," ती म्हणाली. "पाहुण्यांच्या पंजात काटा गेला. आपली मान खाली गेली. एवढ्यात माफी नको. लोक काय म्हणतील?"

महाराज विचारात पडले. लोक काय म्हणतील हा विचार ते नेहमीच करायचे.

"मग काय करू?" त्यांनी विचारलं.

"शिक्षा वाढवा," सगुणाक्का म्हणाली.

महाराजांनी तिच्या डोक्यावर पंजा ठेवला आणि अतिशय जड अंतःकरणाने तिला जन्मभराची हद्दपारी दिली. कुणीही तिथे पाय ठेवायचा नाही, हा हुकूमही पुन्हा नव्याने काढला, आणि आपल्या माघारीही तो चालू राहावा असं बजावलं. मग ते ओढ्यावर पोटभर पाणी प्याले आणि गेले. पंत त्यांच्या मागून गेले. त्यांना घाई होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या उतारावर खड्ड्यांची पूजा होती.

सगुणाक्का जांभळाखाली येऊन बसली. धोंडबाने विचारलं, की काय झालं. तिने सांगितलं. त्याने आपल्या लांबट बिळाकडे पाहिलं आणि म्हणाला, की मग ते भोक जरा रुंद करायला हवं.

तात्पर्य: मुलांनो, झाड लावणाऱ्याचा सत्कार करावा आणि झाड जगवणाऱ्याला हद्दपार करावं. दोघंही आपापल्या जागी सुखी राहतात, आणि झाडालाही तेच बरं पडतं.